क्लबातली रात्र

मंडळी, दिवाळीनंतर चार दिवस नातवाकडे पुण्याला जाऊन आलो. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस पुण्याला गेला की डॉक्टरला दाखवतो, एखादं नाटक बघतो आणि बाकरवडीचे पुडे घेऊन परत येतो, असा आपल्या नातेवाइकांचा समज आहे. मी ते सगळं केलंच, पण त्यात एका गोष्टीची भर टाकली. मी क्लबात जाऊन आलो!

दचकू नका. आमच्या परभणीकडे क्लब म्हटलं की पत्त्यांचा अड्डाच डोळ्यांपुढे येतो. हा गाण्याचा क्लब होता. नातू इंजिनिअरिंग शिकतो आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवतो (त्याची आई उलट सांगते, म्हणजे गिटार वाजवतो आणि उरलेल्या वेळात शिकतो). त्याच्या मित्रांचा बँड त्या रात्री वाजवणार होता. "आजोबा, येता का?" असं त्यानं सहज विचारलं आणि मी "येतो" म्हणून बसलो. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

जागा म्हणाल तर आमच्या शाळेच्या दोन वर्गखोल्यांची मधली भिंत पाडावी एवढी. सत्तर-ऐंशी पोरं-पोरी, सगळी उभी. मला तेवढी एक खुर्ची दिली आणि नातवानं कानात घालायला कापूस दिला. तीन बँड होते. पहिला इंग्रजीत गायला, दुसरा हिंदीत आणि तिसरा चक्क मराठीत. त्या तिसऱ्या बँडमधल्या मुलाचं गाणं आपल्या गावच्या एसटी स्टँडवर होतं. रात्री शेवटची गाडी चुकलेला माणूस बाकड्यावर बसून काय विचार करतो, एवढाच विषय. आवाज फार मोठा होता, निम्मे शब्द कळले नाहीत, पण जे कळले ते खरे होते. मध्येच दुसऱ्या बँडच्या गिटारची तार तुटली. पहिल्या बँडमधल्या मुलानं न बोलता आपली गिटार पुढे केली. दहाच्या ठोक्याला सगळं बंद झालं.

बाहेर आल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, ह्याला इंडी म्हणतात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मागे कंपनी नाही, सिनेमा नाही. स्वतःची गाणी, स्वतःचं सामान, स्वतःचा खर्च. ऐकणारे थोडे, पण मनापासून ऐकणारे."

मी म्हटलं, "मग हे मी एप्रिल १९७८ मध्ये पूर्णेच्या क्लबात ऐकलंय. तिथेही तीनच पार्ट्या होत्या."

तो हसला. आजोबा गंमत करतात असं त्याला वाटलं. रिक्षात बसून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून आता इथे सविस्तर लिहितो. तुमच्यापैकी काहींना ती नवी नसेल, पण ती पूर्ण मी आजवर घरातही सांगितलेली नाही.

पूर्णा हे आमच्या जिल्ह्यातलं रेल्वेचं गाव. निजामाच्या काळात मनमाडहून सिकंदराबादकडे गोदावरीच्या खोऱ्यातून लोहमार्ग आला आणि पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला, त्यामुळे पूर्णा जंक्शन झालं. त्या काळी सगळी मीटर गेज, कोळशाची इंजिनं. रेल्वेची मोठी वसाहत होती. खलाशी, फायरमन, कीमन, गँगमन, बाबू, सगळे तिथे. मोसंबीच्या फोडीसारखी एकमेकांना चिकटलेली क्वार्टरं आणि मध्ये एक लहानसा हॉल. त्यात एक कॅरम बोर्ड, दोन वर्तमानपत्रं आणि एक मोडकं टेबल टेनिसचं टेबल असे. त्या हॉलला सगळे क्लब म्हणत.

मी तेव्हा पूर्णेजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. बी.ए. मराठी झालेलं, नोकरीला पाचेक वर्षं झालेली, आणि आपल्याला मराठी भाषा कळते याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही, असं ते वय. रेल्वेत गँगमन असलेल्या एका गृहस्थांची दोन मुलं माझ्या वर्गात होती. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते आता नाहीत, आणि त्यांच्याविषयी लिहू का असं मी त्यांच्या मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिहा गुरुजी, पण नाव नको." तेव्हा आपण त्यांना गँगमनच म्हणू.

दिवसभर रुळांवर हातोडा चालवणारा हा माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात गाणी रचत असे. एकदा शाळेत मुलांची फी-माफीची कागदपत्रं घेऊन आले तेव्हा जाता जाता म्हणाले, "गुरुजी, जयंतीच्या दुसऱ्या दिवशी रातच्याला क्लबात या. आमची पार्टी हाय."

पार्टी म्हणजे गायन पार्टी. नव्या पिढीसाठी थोडं मागे जाऊन सांगतो.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. पुढे त्या विचारांच्या प्रचारासाठी सत्यशोधक जलसे निघाले. साचा तमाशाचा, पण गण-गवळणीच्या जागी समाजाला प्रश्न विचारणारी गाणी आणि संवाद. १९३०च्या आसपास नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी त्यातून आंबेडकरी जलसा उभा केला. आपली दहा भाषणं आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचे, असं बाबासाहेब म्हणत, ही आठवण आजही सांगितली जाते. जलशाला मात्र माणसं पुष्कळ लागत. सोंगं काढणारे, संवाद म्हणणारे, कपडे, सामान. १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर गावोगाव सांगण्यासारखं खूप झालं आणि सामान तर कुणाजवळ नव्हतं. तेव्हा जलशातली सोंगं आणि संवाद मागे पडले आणि गाणं उरलं. एक पेटी, एक ढोलक, एक खंजिरी, जमलं तर बेंजो (हा आपला टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुल तरंग, बरं का), एक मुख्य गायक आणि मागे चार झीलकरी. झाली गायन पार्टी!

ह्या पार्ट्यांना गाणी कोण देई? मोठं नाव वामनदादा कर्डकांचं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत अक्षरओळख मोठेपणी झाली आणि १९४३ साली त्यांनी पहिलं गीत लिहिलं, तेही एक विडंबन. पुढची साठ वर्षं हा माणूस गावोगाव फिरला, लोकांच्या घरी राहिला, जेवला, आणि तिथल्या गायकाला गाणी देऊन पुढच्या गावाला गेला. मराठवाड्यात तर त्यांचं सारखं येणं-जाणं असे. पण वामनदादा एकटे. पार्ट्या शेकडो. म्हणून प्रत्येक पार्टीत एक घरचा कवी असे. मिलमधला, रेल्वेतला, नगरपालिकेच्या सफाई खात्यातला, नाहीतर औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात चार वर्षं काढून आलेला एखादा मास्तर. तो आपल्या गावची गोष्ट बाबासाहेबांच्या गोष्टीत गुंफी. विहीर, सावकार, सालगडी, दारू, मुलीचं शिक्षण, सगळं त्यात येई.

चाली मात्र कुठूनही येत. सिनेमातून येत, भजनातून येत, आणि आमच्याकडे विशेष म्हणजे कव्वालीतून येत. परभणीला तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याचा उरूस दर वर्षी फेब्रुवारीत भरतो. आमचा भाग १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे उर्दू कानावर असायचीच. टाळीचा ठेका, एक ओळ चार-चार वेळा घोळवून मग एकदम पुढची ओळ सोडणं, दोन पार्ट्यांचा सामना, हे सगळं कव्वालीतून आलेलं. मशिदीशेजारचा ढोलकवाला भीमगीतांना साथ करी आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नसे.

आता खरी गोष्ट. त्या रात्री मी घरी खोटं बोलून गेलो. आई तेव्हा माझ्याकडे होती. "रेल्वे क्लबात भजन आहे" असं सांगितलं. आमच्या घरातलं कुणी त्या लोकांच्या कार्यक्रमाला आजवर गेलेलं नव्हतं, आणि मी पहिला होण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. त्यामुळे भजन! एका अर्थी ते फार खोटं नव्हतं, पण मी मनात खोटंच बोललो होतो.

साडेनऊला पोचलो. हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली. पुढे बायका-पोरं, मागे पुरुष, दारात आणि खिडक्यांत गर्दी. सगळी मिळून शंभर-सव्वाशे माणसं असतील. आहुजाचं एक मशीन, एक भोंगा. मी दाराशीच टेकलो, म्हणजे कुणी ओळखीचं दिसलं तर सटकता येईल. गँगमननी मला बघितलं आणि माइकवरूनच म्हणाले, "गुरुजी, कामून तिथं उभे राहिलात? म्होरं या." शंभर माणसांनी वळून पाहिलं. गेलो मुकाट्यानं पुढे आणि बसलो.

पहिली पार्टी परभणीची. त्यांच्याकडे बेंजो होता आणि गायकाचा आवाज असा, की भोंगा बंद केला तरी स्टेशनापर्यंत जावा. त्यांनी बरीच गाणी नामवंतांची म्हटली. लोकांना ती पाठ, त्यामुळे सगळा हॉल म्हणायला लागला. दुसरी पार्टी गंगाखेडकडची. तीत एक म्हातारे शाहीर होते. त्यांनी बहात्तरच्या दुष्काळावर गाणं म्हटलं. खडी फोडायला गेलेल्या नवरा-बायकोचा संवाद, सुकडीसाठी लावलेली रांग, आणि रांगेतसुद्धा कोण कुठे उभं राहिलं, त्याचं वर्णन. तो दुष्काळ मीही पाहिला होता. त्या वर्षी मी कॉलेजात होतो आणि दुष्काळावरच्या निबंधाला मला चांगले गुण मिळाले होते. त्या म्हाताऱ्याच्या गाण्यातली एकही गोष्ट माझ्या निबंधात नव्हती.

मधून मधून बक्षिसं येत. कुणी रुपया, कुणी आठ आणे. "अमुक यांच्याकडून एक रुपया बक्षीस, त्याबद्दल पार्टी आभारी आहे," असं माइकवर सांगायचं आणि तोडलेली ओळ पुन्हा उचलायची. पार्टीची कमाई एवढीच. वर चहा आणि पहाटेच्या गाडीपर्यंत झोपायला सतरंजी.

तिसरी पार्टी आमच्या गँगमनची. बाराच्या पुढे त्यांची पाळी आली. आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या ढोलकाची वादी तुटली. परभणीच्या पार्टीचा ढोलकवाला, ज्याच्याशी तासाभरापूर्वी सवाल-जवाब चालले होते, त्यानं आपला ढोलक उचलून ह्यांच्या पुढ्यात ठेवला. (पुण्यात ती गिटार पुढे झाली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हा ढोलक आला, ते यामुळे.)

गँगमननी एकही नामवंताचं गाणं म्हटलं नाही. सगळी स्वतःची. आवाज बेताचाच, थोडा चिरका. पण पाण्यावरचं एक गाणं त्यांनी म्हटलं. लहानपणी आईबरोबर विहिरीवर जाऊन, लांब उभं राहून, कुणी वरून पाणी ओतील म्हणून वाट बघायची, त्या वाट बघण्याचं गाणं. त्यात ते पाण्यालाच विचारतात की तू कुणाचं? हॉलमधल्या बायका रडत होत्या. ज्या गावच्या विहिरीचं ते गाणं होतं, त्याच गावात मी शिकवत होतो. त्या विहिरीचं पाणी मी रोज पीत होतो. मला कधी कुणी लांब उभं केलं नव्हतं.

पहाटे चारला कार्यक्रम संपला. घरी गेलो तेव्हा आईनं विचारलं, "चांगलं झालं का भजन?" मी म्हटलं, "चांगलं झालं."

दोन महिन्यांनी, जूनमध्ये शाळा उघडल्यावर, गँगमन एक जाड वही घेऊन आले. दोनशे पानी, वर खाकी कव्हर. त्यांची सगळी गाणी तीत होती. "गुरुजी, एकडाव नजरंखालून घाला. काही चुकलं-माकलं असंल तर दुरुस्त करा." मराठीच्या मास्तरला असं म्हटलं की काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. मी लाल पेन काढलं.

ओळीओळीला लाल केलं. "पानी" खोडून "पाणी". "न्हाई" खोडून "नाही". "आमास्नी" खोडून "आम्हाला". विहिरीच्या गाण्यात "पानी"ला "आईवानी" असं यमक होतं. मी "पानी"चं "पाणी" केलं आणि "आईवानी"चं "आईसारखं". भाषा शुद्ध झाली. यमक गेलं, चाल गेली, आई पण गेली. मला त्याचा पत्ताच नव्हता. उलट, आपण एका कष्टकरी माणसाला मदत करतो आहोत, अशा समाधानात मी रोज रात्री दहा-दहा पानं तपासत होतो.

वही माझ्याकडे असतानाच २७ जुलै १९७८ उजाडला. त्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं असा ठराव विधिमंडळात मंजूर झाला, आणि मराठवाडा पेटला. परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांत फार वाईट झालं. घरं जाळली, माणसं मारली, वस्त्या उठवल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यातच मारले गेले. हे इतिहासात नोंदलेलं आहे, मी नव्यानं सांगत नाही.

गँगमनचं मूळ घर आमच्या शेजारच्या खेड्यात होतं. ते जळलं. माणसं आधीच पूर्णेला क्वार्टरवर निघून गेली होती म्हणून वाचली. घरातलं बाकी काही वाचलं नाही. पेटी जळली, ढोलक जळला. वही तेवढी वाचली, कारण ती माझ्या ट्रंकेत होती.

आता जे सांगायचं आहे ते हे. मी दीड महिना त्यांच्याकडे गेलो नाही. पूर्णा पाच-सहा किलोमीटरवर. सायकल होती. गावातलं वातावरण असं होतं की त्यांच्याकडे गेलो तर लोक काय म्हणतील, बदली होईल का, आई काय म्हणेल, अशी शंभर कारणं मी स्वतःला सांगितली. वही मी ट्रंकेच्या तळाशी, धोतरांच्या खाली ठेवली होती. ती जपायची म्हणून, असं मी मनाला सांगे. खरं म्हणजे ती कुणाला दिसू नये म्हणून.

शेवटी ते स्वतःच आले. शाळा सुटल्यावर, वर्गाच्या दारात उभे. मी वही आणून दिली. त्यांनी कव्हरवरून हात फिरवला आणि पानं चाळायला लागले. लाल शाई बघून थांबले. पुन्हा चाळली. मग हसले आणि म्हणाले, "गुरुजी, लई कष्ट घेतले. तुमचं लाल ऱ्हाऊ द्या. म्हणतानी मी काळंच म्हणीन."

मी का आलो नाही, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुढे माझी बदली जिंतूरकडे झाली.

त्या पार्ट्यांचं पुढे काय झालं, हे नातवाला समजायला हवं म्हणून सांगतो.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. गाणं स्वस्त झालं, घरोघर गेलं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे, यांचे आवाज खेड्यापाड्यांत पोचले, ही मोठीच गोष्ट झाली. पण जयंतीला कॅसेट लावली की काम भागू लागलं आणि गावच्या पार्टीला बोलावणं कमी झालं. कॅसेट कंपनीला हवा असे सगळीकडे चालेल असा माल. आमच्या विहिरीचं गाणं सगळीकडे कसं चालणार? २००४ साली मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. तोवर पूर्णेच्या क्लबासारख्या रात्री जवळजवळ संपल्याच होत्या.

उरलंसुरलं घड्याळानं संपवलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं ते कडक केले. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना आणि परीक्षेच्या पोरांना त्याचा फायदाच आहे. पण गायन पार्टीची रात्र दहाला सुरू व्हायची! दिवसभर राबलेला माणूस जेवून-खाऊन यायचाच दहाला. आता दहापर्यंत डीजेची भिंत छाती हादरवते, आणि ज्या वेळी विहिरीचं गाणं लागायचं त्या वेळी सामसूम असते.

गंमत म्हणजे नातवाच्या मंडळींचीही गोष्ट फार वेगळी नाही. त्यानंच मला सांगितलं की मुंबईत धोबीतलावाला रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह होतं. तिथे १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक नावाचा महोत्सव भरे, कॉलेजची पोरं चिखलात उभी राहून ऐकत. आजूबाजूला इस्पितळं आणि कॉलेज, म्हणून तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि तिथला रॉक बंद झाला. म्हणजे एकाच नियमानं मुंबईची इलेक्ट्रिक गिटारही गप्प केली आणि पूर्णेचा ढोलकही. त्या बँडवाल्यांचाही सुरुवातीचा काळ दुसऱ्यांची, म्हणजे विलायती बँडची गाणी वाजवण्यात गेला. रॉक मशीन नावाचा बँड १९८४ साली निघाला, तो हळूहळू स्वतःच्या गाण्यांवर आला. आमच्या पार्ट्यांतही हेच होतं. आधी नामवंतांची, मग धीर करून आपलं.

पुढे २००७ साली लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग नावाचा क्लब निघाला. स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांचं ते मोठं ठिकाण होतं म्हणे. २०१६ साली तोही बंद पडला. मला त्यात एवढंच दिसलं की ते गिरणगाव. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि ते गायले ते ह्याच गिरण्यांच्या कामगारांपुढे. गिरण्या गेल्या, कामगार गेले, जागेचं भाडं वाढलं, आणि गाण्याला पुन्हा लहान जागा शोधावी लागली.

लहान जागा का लागते? मला वाटतं, जिथे गाणाऱ्याला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसतो, तिथेच माणूस स्वतःचं गाणं म्हणायचं धाडस करतो. मोठ्या मैदानात माणूस लोकांना ठाऊक असलेलंच म्हणतो. "गुरुजी, म्होरं या" असं मैदानातून म्हणता येत नाही.

गाणं मरत नाही, हेही खरं. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात आणि मोबाईलवरून त्यांचा आवाज घरोघर गेला. चेन्नईला २०१७-१८च्या सुमारास पा. रंजित यांच्या पुढाकारानं 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड निघाला, तोही त्याच प्रश्नांवर गिटार आणि पराई घेऊन गातो. पण त्या शेकडो पार्ट्यांच्या घरच्या कवींचं काय? जात्यावरच्या ओव्यांचं नशीब थोडं बरं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. आमच्या शेजारच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यांनी १९९६ साली ध्वनिमुद्रित केल्या, त्या आज कुणालाही ऐकता येतात. गंगाखेडची जनाबाई तर आमच्याच जिल्ह्यातली. दळण-कांडणातलं तिचं बोलणं इतकी शतकं टिकलं, कारण ते लोकांच्या तोंडी राहिलं आणि कुणीतरी लिहून ठेवलं. लिहून ठेवणाऱ्यानं लाल शाई वापरली असती तर काय झालं असतं, कुणास ठाऊक!

पुण्याहून परत आल्यावर मी गँगमनच्या मुलीकडे गेलो. तीही आता निवृत्तीला आली आहे. वही तिच्याकडे आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात. मी लिहिलेलं लाल अजून दिसतं. मी तिला ते दीड महिने सांगितले. सत्तेचाळीस वर्षांनी. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादांना माहीत होतं, गुरुजी. ते म्हणायचे, वही राखली ना, तेवढं बास झालं."

मला ते पुरेसं वाटत नाही, पण तो माझा प्रश्न आहे.

मग तिनं वही न उघडता विहिरीचं गाणं म्हटलं. "पानी" आणि "आईवानी", जसंच्या तसं. मी ते मोबाईलवर घेतलं आणि तिच्या परवानगीनं नातवाला पाठवलं. त्याचा रात्री फोन आला. म्हणाला, "आजोबा, ह्याला आम्ही हात लावला तर चालेल का?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस? गाणं ज्यांचं आहे त्यांना विचार. आणि शब्दाला हात लावू नकोस." तो आता येत्या एप्रिलमध्ये परभणीला येणार आहे, तिला भेटायला. पुढचं त्यांचं ते बघतील.

तर मंडळी, तुमच्याही घरात, गावाकडच्या ट्रंकेत, माळ्यावर अशा वह्या असतील. भजनी मंडळाच्या, गायन पार्टीच्या, आजीच्या ओव्यांच्या. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याला देऊ नका. त्यांचे फोटो काढून ठेवा, म्हणणारं माणूस हयात असेल तर त्याचा आवाज घेऊन ठेवा. आणि ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नका. हे मी सांगतोय, ज्यानं पस्तीस वर्षं दुसरं काही केलं नाही!

असो. फार लांबलं. आईला मात्र मी शेवटपर्यंत सांगितलं नाही की ते भजन नव्हतं. सांगायला हवं होतं.